नऊ वर्षांच्या भाचीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला दिसतंय पण ओळखता येत नाही, असं होतं का?

प्राजक्ता_पाटणकरीण
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या नणंदेची मुलगी, घरात सगळे चिऊ म्हणतात, वय 9. गाव पाटण तालुक्यात, वर डोंगरात. जन्मल्यापासून दोन्ही बुबुळांत पांढरं होतं, उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं तिला. आधी कुणी म्हणालं मोठी झाली की बघू, मग कुणी म्हणालं जन्माचं आहे त्याला इलाज नसतो, आणि अशी नऊ वर्षं गेली. गेल्या वर्षी शाळेत तपासणीला गाडी येते ना, त्यातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले अहो हा मोतीबिंदू आहे, पोरांनाही असतो, ऑपरेशन होतं. मग धावपळ करून पुण्यात दोन्ही डोळे झाले, आत लेन्स टाकल्या, दुसऱ्या डोळ्याला आता 5 आठवडे झालेत.

पट्टी काढली तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटलेलं आता ती आईकडे बघून रडेल, धावत येईल, सिनेमात दाखवतात तसं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली खूप टोचतंय. बस.

आता परिस्थिती अशी की रंग तिला चारपाच दिवसांत आले, लाल बादली, पिवळा टॉवेल, सगळं बरोबर सांगते. पण तांब्या समोर ठेवला तर म्हणते काहीतरी चकचकीत आहे, हात लावला की लगेच तांब्या! आई गप्प उभी राहिली तर ओळखत नाही, साडीच्या रंगावरून ओळखते आणि आईने साडी बदलली की परत गोंधळ. अंगणात तुळशीवृंदावनाची सावली पडते ती पाय उचलून ओलांडते, जसं काही पडलंय तिथे. म्हैस नुसती उभी असली तर तिला ती दिसत नाही असं वाटतं, आणि म्हैस चालायला लागली की ओरडते म्हैस म्हैस. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे जिना उतरताना डोळे घट्ट मिटून घेते. डोळे मिटले की सरसर उतरते, उघडे ठेवले की पहिल्याच पायरीवर थिजते.

सासूबाई म्हणतात होतं ते बरं होतं, आता पोरगी दोन्हीकडून गेली. नणंद रोज फोनवर रडते. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन छान झालंय, वेळ द्या. पण किती वेळ? आणि वेळ देऊन नक्की काय होणार असतं? नवव्या वर्षी मेंदू हे शिकतो का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

नेत्रा_चष्मेवाली
प्राजक्ता, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, डॉक्टर नाही, त्यामुळे तपासायचं काम तिच्या डॉक्टरांचंच, पण आधी दोन गोष्टी विचारते. चष्मा दिलाय का, आणि तो दोन नंबरांचा आहे का? कारण आपल्या डोळ्यातलं मूळ भिंग लांबचं जवळचं बघताना आपलं आपण जाड-बारीक होतं, टाकलेली लेन्स तशी होत नाही, ती एकाच अंतराला बसवलेली असते. म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीला साठीतल्या माणसासारखा जवळचा वेगळा नंबर लागतो. बऱ्याच घरी चष्मा कपाटात आणि पोरगी तशीच फिरतेय असं असतं, लोकांना वाटतं लेन्स टाकली ना मग चष्मा कशाला.

दुसरं, लहान मुलांमध्ये लेन्सच्या मागे पुन्हा पांढुरकी जाळी धरू शकते, डोळ्याचं प्रेशरही वाढू शकतं, म्हणून फॉलोअप चुकवायचा नाही, पोरगी काही बोलत नसली तरी. तिला आधी काय दिसत होतं हेच माहीत नाही तर कमी झालंय हे ती सांगणार कसं.

डोळे थरथरतात का तिचे, डावीउजवीकडे? जन्मापासून नजर नसलेल्या मुलांमध्ये बहुतेकदा असतं ते, ऑपरेशननंतर कमी होतं पण पूर्ण जातंच असं नाही.

बाकी तू जे लिहिलंयस, तांब्या, सावली, जिना, ते डोळ्याचं नाही, ते मेंदूचं आहे, आणि ते अगदी पुस्तकात असावं तसं आहे. त्यातलं जाणणारं इथे कुणीतरी आहे बहुतेक.

खवट_काका
कटू बोलतो पण बोलतो. मेंदूची एक खिडकी असते, सातआठ वर्षांपर्यंत उघडी, नंतर बंद. आमच्या पुतण्याचा एक डोळा आळशी होता, दहाव्या वर्षी नेला तर सरळ सांगितलं उशीर झाला. मांजराच्या पिल्लांवर प्रयोग झालेत, त्यावर नोबेल मिळालंय. तेव्हा पोरीला खोटी आशा लावण्यापेक्षा ब्रेल शिकवा.

मेंदूतला_भुंगा
काका, ब्रेल शिकवा हे बरोबर, बाकीचं अर्धं बरोबर. मी याच विषयात पीएचडीचं ओझं वाहतोय, सध्या परदेशात, मूळचा कराडचा, म्हणजे पाटणचा शेजारीच. जरा लांब लिहितो.

मांजरांचा प्रयोग म्हणजे ह्युबेल आणि वीझल, 1960 च्या दशकातला, नोबेल 1981 ला. पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून ठेवला तर नंतर उघडूनही त्या डोळ्याला मेंदूत जागाच मिळत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने ती बळकावलेली असते. तुमच्या पुतण्याचं हेच, चांगला डोळा शेजारी बसलेला असताना आळशी डोळ्याला कोण विचारतंय. चिऊचे दोन्ही डोळे बंद होते, म्हणजे स्पर्धा नव्हती, जागा कान आणि स्पर्शाने थोडीफार वापरली असेल (ब्रेल वाचताना जन्मांध माणसाच्या मेंदूचा मागचा, म्हणजे एरवी बघण्याचा भाग कामाला लागतो हे 1996 मध्येच स्कॅनवर दिसलंय) पण ती जागा कायमची गेली असं नाही. आणि हे मी हवेत बोलत नाहीये, याच प्रश्नावर आपल्याच देशात वीस वर्षं काम चाललंय.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पवन सिन्हा नावाचे प्राध्यापक आहेत, मूळचे भारतातले. त्यांनी प्रोजेक्ट प्रकाश म्हणून उपक्रम सुरू केला, उत्तर भारतातल्या खेड्यांतून जन्मजात मोतीबिंदू असलेली मोठी मुलं शोधायची, दिल्लीत त्यांची मोफत ऑपरेशनं करायची, आणि मग ही मुलं बघायला कशी शिकतात ते त्यांच्या सोबत राहून समजून घ्यायचं. पाश्चात्त्य देशांत अशी मुलं जवळपास मिळतच नाहीत कारण तिकडे काही आठवड्यांच्या बाळाचंच ऑपरेशन होतं. आपल्याकडे मिळतात, हे आपलं दुर्दैव. पण त्या मुलांमुळे तीनशे वर्षं जुन्या कोड्याचं उत्तर मिळालं.

कोडं असं. 1688 साली डब्लिनच्या मॉलिन्यू नावाच्या माणसाने, ज्याची बायको लग्नानंतर आंधळी झाली होती, तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्र लिहून विचारलं की जन्मांध माणसाला हाताने चेंडू कुठला आणि ठोकळा कुठला हे कळतं, त्याला अचानक दिसायला लागलं तर हात न लावता नुसतं बघून तो सांगू शकेल का? मॉलिन्यू म्हणाला नाही, लॉक म्हणाला नाही, आणि मग पुढे कित्येक पिढ्या भांडत बसल्या कारण तपासायला माणूसच मिळेना.

प्रकाशवाल्यांनी 8 ते 17 वयाची पाच मुलं घेतली, ऑपरेशननंतर लगेच, खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार दिले. एक आकार हाताने चाचपला आणि पुन्हा हातानेच ओळखायचा, 98 टक्के बरोबर. एक बघितला आणि बघूनच ओळखायचा, 92 टक्के, म्हणजे डोळ्यांना दिसतंय हे नक्की! पण हाताने चाचपलेला आकार डोळ्याने ओळख म्हटलं तर 58 टक्के, म्हणजे जवळजवळ छापा-काटा. हे 2011 मध्ये छापून आलं. तर चिऊचा तांब्या इथे बसतो. तिला तांब्या दिसत नाही असं नाहीये, हाताला माहीत असलेला तांब्या आणि डोळ्यासमोरचं चकचकीत काहीतरी हे दोन्ही एकच आहे हे तिच्या मेंदूला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि आता बातमी, त्यातल्या काही मुलांना थोड्याच दिवसांनी परत बोलावलं तर ती बरीच सुधारलेली होती. काही दिवसांत. मुद्दाम कुठलं ट्रेनिंग नव्हतं, नुसतं घरी राहून, वस्तू हातात घेऊन बघत बघत.

प्राजक्ता_पाटणकरीण
अहो दादा वाचताना अंगावर काटा आला. छापा-काटा हे तंतोतंत तिचंच. पण तिला तर 5 आठवडे झालेत, मग ती मागे आहे का?

नेत्रा, चष्मा दिलाय पण ती काढून टाकते, नाकाला टोचतो म्हणते. दोन नंबरांचा आहे का ते विचारते. डोळे थरथरतात, हो, आधीपेक्षा कमी.

मेंदूतला_भुंगा
नाही, मागेबिगे काही नाही. तो प्रयोग सुट्या ठोकळ्यांचा होता, टेबलावर एकच वस्तू, मागे काही नाही. घरातलं जग तसं नसतं. स्वयंपाकघराच्या मांडणीवर तांब्या, त्याच्यामागे डबे, त्यावर खिडकीचा उजेड, यात तांब्या कुठे संपतो आणि डबा कुठे सुरू होतो हे ठरवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे, आपल्याला ते काम आहे हेच कळत नाही कारण आपण पाळण्यात असतानाच ते शिकून टाकलं.

प्रकाशच्या काही जणांना एकमेकांवर चढलेले दोन चौकोन दाखवले तर ते तीन वस्तू मोजायचे, मधला एकमेकांत गेलेला भाग ही तिसरी वस्तू. चेंडूवर चमक आणि खाली सावली असेल तर चमक वेगळी वस्तू, सावली वेगळी वस्तू. तुळशीवृंदावनाची सावली आली ना लक्षात! चिऊचं चुकत नाहीये हो, काळा चौकोन जमिनीवर पडलाय, तो दगड नाही तर सावली आहे हे बघून कळायला आधी शंभर सावल्या बघाव्या लागतात.

पण तेच चित्र हललं की पटकन सुटायचं. जे एकत्र हलतं ते एक, हा मेंदूचा पहिला धडा दिसतोय. तुमची म्हैस! ताई तुम्ही पाटणमध्ये बसून जे लिहिलंत ते त्यांच्याच 2009 च्या संशोधन पेपरचा सारांश आहे. आणि त्यातल्या लोकांना साधारण वर्ष-दीड वर्षाने स्थिर चित्रातल्या वस्तूही सुट्या करता यायला लागल्या होत्या. म्हणजे हलणाऱ्यावरून शिकून मग न हलणारं.

अजून एक मजेची गोष्ट. सगळंच शिकावं लागतं असंही नाही. लांब जाणाऱ्या रेल्वे रुळांसारख्या दोन रेषांमध्ये सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या काढल्या तर वरची आपल्याला मोठी वाटते, आपण फसतो. लोक समजायचे की आपण आयुष्यभर रस्ते, रूळ बघितलेत म्हणून फसतो. 2015 मध्ये 8 ते 16 वयाच्या नऊ मुलांना ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आतच हे दाखवलं, तीही फसली. ज्यांनी जन्मात रस्ता बघितला नव्हता ती! म्हणजे काही गोष्टी आत तयारच असतात, आपल्याला वाटतात त्या नव्हे एवढंच.

खवट_काका
पाच मुलं, नऊ मुलं. एवढ्याशावर काय ठरतं. आणि या सगळ्यांची नजर शेवटी किती झाली ते नाही सांगत कुणी.

मेंदूतला_भुंगा
काका ते सांगायलाच हवं, बरं झालं काढलंत. नजर सहसा पूर्ण येत नाही. बारीक अक्षर, लांबची पाटी, हे बहुतेकांना कमीच राहतं, पहिल्या महिन्यांत जे हुकलं त्यातलं काही परत येत नाही, तुमची खिडकी तिथे खरी आहे. चेहरे ओळखण्याचं तर इतकं नाजूक आहे की कॅनडात ज्या बाळांची ऑपरेशनं पहिल्या काही महिन्यांतच झाली त्यांनाही मोठेपणी दोन डोळ्यांमधलं अंतर, नाक-तोंडातलं अंतर यावरून चेहरे वेगळे ओळखणं जड गेलं. म्हणजे चिऊ आईला बराच काळ चालीवरून, साडीवरून, आवाजावरून ओळखत राहील आणि त्यात काही बिघडत नाही.

पण नजर कमी राहणं आणि त्या नजरेचा उपयोग न होणं या दोन वेगळ्या गोष्टी. 2014 मध्ये 8 ते 17 वयाच्या 11 मुलांना तपासत राहिले, फिकट-गडद फरक किती कळतो ते, 11 पैकी 5 जणांत चांगली वाढ दिसली, पुस्तकाप्रमाणे शून्य व्हायला हवी होती. आणि एक बाई आहे, तिचं ऑपरेशन बाराव्या वर्षी झालं, संशोधकांना ती भेटली तेव्हा बत्तिशीत होती, घरकाम करायची. तिची नजर मोजली तर 6/60 च्या आसपास, म्हणजे कागदावर भारी अधू. पण वस्तू ओळखणं, आकार जुळवणं, चेहरा आहे की नाही सांगणं, बरंच जमायचं तिला. कमी नजरेतून मेंदूने संसार उभा केला होता.

मुलं थोडी आहेत हे खरंय. पण मॉलिन्यूच्या कोड्यात 'नाही शकणार' हे दाखवायला पाच पुरतात.

कानसेन
आमचं डोळ्याचं नाही, कानाचं आहे, पण हे वाचून राहवलं नाही. मुलगी जन्मतः ठार बहिरी, कॉक्लिअरचं मशीन (ऑपरेशन करून कानाच्या आत तारा बसवतात ते) साडेसहाव्या वर्षी बसलं. उशीर का झाला ते विचारू नका, एका ठिकाणी दोन वर्षं 'बोलेल हो उशिरा, मुलगी लाजाळू आहे' म्हणून घालवली, नाव घेत नाही.

स्विच ऑनच्या दिवशी आम्ही पेढे घेऊन गेलेलो. मशीन चालू केलं आणि तिने डोक्यावरची कॉइल ओढून फेकली आणि असा आकांत मांडला की पेढे तसेच पिशवीत परत आले. नंतर समजलं की तिला 'आवाज' म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, तिला वाटलं डोक्यात काहीतरी होतंय. बाहेरून येतंय हे कळायलाच दीडेक महिना गेला. पहिला ओळखलेला आवाज कुकरची शिट्टी. शिट्टी झाली की गॅसकडे बोट. तेव्हा मी रडलो.

आपल्या कानाच्या आतल्या शंखात ऐकण्याच्या हजारो पेशी असतात, या मशीनला इलेक्ट्रोड असतात जास्तीत जास्त बावीसच्या आसपास. म्हणजे मुलीला मिळालेला आवाज हा आपला आवाज नाहीच, बेसूर पेटीसारखं काहीतरी असणार, तरी त्यातून मेंदू शब्द वेगळे काढतो. आमच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमने तेव्हाच सांगितलेलं, साडेतीन वर्षांच्या आत बसवलं तर मेंदूच्या लहरी नेहमीच्या मुलांसारख्या होतात, सातनंतर बहुतेकांत तशा होत नाहीत, तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, मेहनत करा. मेहनत म्हणजे रोज थेरपी, आईने तोंड झाकून बोलायचं म्हणजे ओठ न बघता ऐकावं, मॅपिंगला (मशीनचं सेटिंग जुळवायला) दर महिन्याला मुंबई. आई हा शब्द यायला 8 महिने लागले. आज ती बारा वर्षांची आहे, फोनवर मला कळेल असं बोलते, परक्याला अर्धं कळतं. गोंगाटात ओठ बघते. ज्यांचं अडीच वर्षांच्या आत बसलं त्यांच्यात ओठ आणि आवाज आपोआप एक होतात, हिच्यात नाही होत, ही दोन्हीतलं एक धरते आणि बहुतेकदा ओठच धरते. चिऊ हात धरते तसंच वाटलं मला ते. ज्या इंद्रियाने इतकी वर्षं संसार केला त्याच्यावरच पोरं विश्वास ठेवणार ना.

मशीन आम्ही रात्री काढतो. ती म्हणते काढलं की बरं वाटतं, शांत. आधी मला वाईट वाटायचं. प्राजक्ताताई, चिऊ डोळे मिटते त्याला विश्रांती समजा.

आडवळणाचा_गुरुजी
अंध मुलांच्या शाळेत 22 वर्षं शिकवलं, आता निवृत्त. संशोधन मला कळत नाही, पोरं कळतात. अशी ऑपरेशन होऊन आलेली चारपाच पोरं हाताखालून गेलीत.

जिन्यावर डोळे मिटते तर मिटू द्या! लोक ओरडतात डोळे उघड, डोळे उघड, आणि पोर पडतं. तिचे पाय तो जिना नऊ वर्षं ओळखतात, तिच्या डोळ्यांना पायरी म्हणजे नुसते आडवे पट्टे, खोल किती ते कळत नाही. पायरीच्या कडेला पिवळा ऑइलपेंटचा पट्टा मारा बोटभर, आणि दिवसातून एकदा, घाई नसताना, कुणीतरी हात धरून, उघड्या डोळ्यांनी खालच्या तीन पायऱ्या. बस तेवढंच.

वस्तू दाखवताना हातात द्या आणि हातातच फिरवायला लावा. तांब्या फिरला पाहिजे, डोळ्यासमोर. भुंगासाहेब म्हणतात ते हलण्याचं, आम्ही न वाचता करत होतो. काळ्या ताटात तांदूळ, पांढऱ्या ताटात मसूर, असं निवडायला बसवा. भाजी निवडायला घ्या, मेथीची जुडी नको, गवार द्या, गवार मोठी असते. एका वेळी एकच वस्तू, मागे कोरी चादर. टीव्हीपुढे बसवून नजर सुधारते हा गैरसमज आहे, टीव्हीतल्या तांब्याला हात लावता येत नाही.

काठी काढून घेऊ नका. ब्रेल येत असेल तर चालू ठेवा, येत नसेल तर शिकवा, खवट काकांशी या बाबतीत सहमत. आणि एक कुणी सांगत नाही ते सांगतो. ऑपरेशन झालं की गाव म्हणतं आता तुला दिसतंय, आणि शाळा म्हणते आता ही डोळस, फळ्यावरचं वाच. अपंगत्वाच्या दाखल्याचा टक्का नव्याने तपासतात, सवलतींचा प्रश्न येतो. माझा एक विद्यार्थी म्हणायचा, सर आधी मी हुशार आंधळा होतो, आता ढ डोळस आहे. ते पोर वर्षभर गप्प गप्प होतं. तिला कुणी 'हे काय आहे सांग' अशी परीक्षा दिवसभर घेत नाही ना ते बघा. पाहुणे आले की बोटं दाखवून 'किती?' विचारतात, त्यांना चहा द्या आणि रवाना करा.

मेंदूतला_भुंगा
गुरुजी दंडवत. 'तांब्याला हात लावता येत नाही' हे मी थिसिसमध्ये कुठेतरी घुसवणार.

तुम्ही त्या गप्प झालेल्या मुलाचं लिहिलंत म्हणून, इंग्लंडमध्ये 1958-59 ला एका 52 वर्षांच्या माणसाला अशीच दृष्टी मिळाली होती, तान्हा असतानाच गेलेली. त्याला लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये लेथ मशीन दाखवलं, त्याला कामगार म्हणून फार आकर्षण होतं लेथचं. काचेबाहेरून काही कळेना. काच उघडली, त्याने डोळे मिटून सगळ्या मशीनवर हात फिरवला, मग मागे सरकून डोळे उघडले आणि म्हणाला आता हात लावल्यावर दिसतंय. पण पुढे तो फार खचला, संध्याकाळी दिवा न लावता बसायचा. मोठ्या वयात ते ओझं जास्त असतं, मुलं त्या मानाने लवचीक. लहानांचं उदाहरण त्याहून जुनं, 1728 सालचं, लंडनच्या चेझल्डन नावाच्या सर्जनने तेराएक वर्षांच्या मुलाचा मोतीबिंदू काढला. त्या मुलाला सुरुवातीला वाटायचं सगळ्या वस्तू डोळ्याला चिकटल्यात, जसं हाताला लागतं तसं डोळ्याला लागतंय. चिऊ टोचतंय म्हणाली ना, ते थोडं औषधाचं, थोडं उजेडाचं असेल, पण मला हाच मुलगा आठवला. त्याला मांजर कुठलं आणि कुत्रा कुठला ते लक्षात राहायचं नाही, विचारायची लाज वाटायची. एकदा त्याने मांजर पकडलं, नीट चाचपलं, मग टक लावून बघितलं आणि खाली ठेवताना तिला बजावलं की आता पुढच्या वेळी मी तुला ओळखणार.

प्राजक्ता_पाटणकरीण
आठवडाभराने लिहितेय, रेंज नव्हती, गावी जाऊन आले.

गुरुजी, पिवळा पट्टा मारला. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, आता त्यांनाच संध्याकाळी पायरी दिसायला लागलीय, गप्प आहेत. चादरीचंही केलं, पांढऱ्या चादरीवर एकेक वस्तू, हातात फिरवून. तांब्या, फुलपात्र, उलथनं जमलं. वाटी आणि फुलपात्र यात अडकते, पण तिथे मीही अंधारात अडकेन.

चेझल्डनच्या मुलाची गोष्ट तिला सांगितली तर म्हणाली तो माझ्यासारखा येडा होता का. मग आमच्या बोक्याच्या मागे दिवसभर. बोका काही हाताला लागला नाही.

एक नवीन कोडं आहे. शाळेतल्या बाईंनी चित्रांचा कागद दिला, झेरॉक्स, काळापांढरा. आंबा, पोपट, फूल. एकही ओळखता आलं नाही, रडकुंडीला आली. तीच चित्रं पुस्तकात रंगीत आहेत, त्यात आंबा आणि पोपट लगेच. असं का?

मेंदूतला_भुंगा
यावर 2024 मध्येच सिन्हांच्या गटाचा पेपर आलाय! प्रकाशच्या मुलांना रंगीत चित्रं बरीच ओळखता आली आणि त्याच चित्रांचा रंग काढला की घसरण मोठी, आपल्यासारख्यांची फारशी होत नाही. त्यांचं म्हणणं असं की तान्ह्या बाळाला सुरुवातीला रंग धड कळत नाहीत, डोळाच कच्चा असतो, त्यामुळे मेंदू आधी उजेड-अंधारावरून, आकारावरून ओळखायला शिकतो आणि रंग नंतर वरून मिळतो. चिऊला पहिल्याच दिवशी सगळे रंग एकदम मिळाले, म्हणून मेंदू रंगालाच टेकून बसला. आईची साडी! बाळाचं अंधुक दिसणं हा दोष नसून शिकण्याची पायरी आहे असं ते म्हणतात, आणि ती पायरी उशिरा डोळे मिळालेल्यांची गाळली जाते. मला हे पटतं, सगळ्यांना पटलेलं नाही.

तूर्तास बाईंना सांगा झेरॉक्स नको. आणि जाड काळ्या रेघेवर लोकरीचा धागा चिकटवून द्या, बोटाने फिरवत बघेल.

खवट_काका
धाग्यापेक्षा फेविकॉलची रेघ मारा, सुकली की वर येते. पुतण्याची चित्रं तशीच केली होती आम्ही. धागा निघतो.

प्राजक्ता_पाटणकरीण
काका, हे मस्त आहे, घरात फेविकॉल आहेच.

गुरुवारी पुण्याला फॉलोअप आहे. नेत्रा, चष्मा दोन नंबरांचा नाही निघाला, फक्त लांबचा आहे, आता जवळचा लिहून घेते. नाकाला टोचतो त्याचं काय करू? रबराचं काही मिळतं का?

नेत्रा_चष्मेवाली
सिलिकॉनचे नोजपॅड मिळतात, आणि कानामागून डोक्याला बसणारा इलॅस्टिकचा पट्टा पण. फ्रेम प्लास्टिकची मागा, धातूची नको. रंग तिलाच निवडू दे.

प्राजक्ता_पाटणकरीण
विचारलं तिला आत्ताच. आईच्या लाल साडीचा हवा म्हणतेय.